स्पाउस व्हिसा नाकारला: नकारपत्र हाती आल्यापासूनचे २८ दिवस

नवरा किंवा बायको ब्रिटनमध्ये, जोडीदार महाराष्ट्रात. अर्ज भरला, पैसे गेले, बोटांचे ठसे झाले आणि काही आठवड्यांनी ईमेलमध्ये नकारपत्र आलं. हा लेख त्या दिवसापासून पुढे काय करायचं याबद्दल आहे. जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याला तिथे कायम राहण्याची परवानगी असेल, तर तुमचा अर्ज ‘ॲपेंडिक्स एफएम’ या नियमावलीखाली येतो. इथे त्याच व्हिसाबद्दल लिहिलं आहे.

जोडीदार तिकडे स्किल्ड वर्कर व्हिसावर असेल, तर तुमचा व्हिसा डिपेंडंटचा आहे. त्याला नकार आला तर बहुधा ८० पौंड भरून २८ दिवसांत प्रशासकीय फेरतपासणी मागायची असते, ट्रायब्युनलमध्ये (न्यायाधिकरणात) अपील नव्हे. दोन्ही व्हिशांना सगळे ‘स्पाउस व्हिसा’च म्हणतात, त्यामुळे नात्यातल्या कुणीतरी दिलेला सल्ला भलत्याच रस्त्याचा असतो. नकारपत्राच्या शेवटी तुम्हाला कोणता हक्क आहे ते लिहिलेलं असतं. आधी तेवढं वाचा.

पहिला दिवस: तारीख पकडा

अर्जदार ब्रिटनबाहेर असेल तर नकारपत्र मिळाल्यापासून २८ दिवसांच्या आत अपील दाखल व्हावं लागतं. शनिवार-रविवार त्यातच मोजायचे. पत्र ज्या ईमेलने आलं तो ईमेल तारखेसकट पीडीएफ करून ठेवा. एजंटाच्या ईमेलवर पत्र आलं असेल, तर त्याने ते तुम्हाला कधी पाठवलं याचाही पुरावा ठेवा. एजंट आठ-दहा दिवस पत्र दाबून ठेवतो आणि मग ‘आपण नवीन फाइल टाकू’ म्हणतो, असं सर्रास घडतं. मुदत उलटली तरी उशिराचं कारण पुराव्यासकट मांडून मुदतवाढ मागता येते, पण ती देणं न्यायाधीशाच्या हातात असतं.

त्याच दिवशी तीन गोष्टी एका फोल्डरमध्ये टाका: नकारपत्र, भरलेल्या ऑनलाइन अर्जाची प्रत आणि अपलोड केलेला प्रत्येक कागद. जीडब्ल्यूएफने (GWF) सुरू होणारा अर्जाचा क्रमांक वेगळा लिहून ठेवा, तो पुढे सगळीकडे लागतो. अर्जाची प्रत एजंटाकडेच असेल तर आजच मागा. त्याने फॉर्ममध्ये नेमकं काय लिहिलंय हे कित्येकांना नकार आल्यावरच कळतं.

नकारपत्र वाचायचं कसं

पत्रातला बराचसा मजकूर ठोकळेबाज असतो. त्यात साधारण असे भाग असतात: अर्जदाराची योग्यता, नातं, पैसा, इंग्रजी आणि शेवटी अपवादात्मक परिस्थिती. प्रत्येक भागासमोर ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ लिहा. ‘अपूर्ण’ असेल तिथलं नेमकं कारण देणारं वाक्य अधोरेखित करा. मग प्रत्येक कारणाला एकच प्रश्न विचारा: अधिकारी म्हणतोय की कागद नाही, की तो म्हणतोय की माझा विश्वास नाही?

पुढचा सगळा रस्ता या उत्तरावर ठरतो. कागद कमी असेल आणि तो आता मिळत असेल, तर नवा अर्ज बहुतेक वेळा लवकर सुटतो. विश्वासच नसेल, म्हणजे ‘लग्न खरं वाटत नाही’ किंवा ‘तुम्ही खोटी माहिती दिली’ असं लिहिलं असेल, तर अपील करा. तोच शेरा डोक्यावर घेऊन नवा अर्ज केला की पुढचा अधिकारी जुनं पत्र उघडतो आणि तेच वाक्य पुन्हा लिहितो.

पैशाच्या अटीवर नकार

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, त्यामुळे इथे थोडं थांबू.

११ एप्रिल २०२४ पासून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी स्पॉन्सरचं, म्हणजे ब्रिटनमधल्या जोडीदाराचं, वार्षिक उत्पन्न कर कापण्याआधी २९,००० पौंड लागतं. त्याआधी ते १८,६०० होतं आणि मुलांसाठी वर रक्कम लागायची, ती आता लागत नाही. भारतातल्या अर्जदाराचा इथला पगार यात धरत नाहीत, मग तो कितीही असो. मात्र अर्जदाराच्या किंवा स्पॉन्सरच्या नावावर भारतात फ्लॅट असेल आणि त्याचं भाडं येत असेल, तर ते भाडं धरता येतं. फ्लॅट भावासोबत सामाईक असेल तर फक्त आपला हिस्सा. हा मुद्दा कित्येक अर्जांत राहून जातो.

एकाच नोकरीत सहा महिने झाले असतील तर ‘कॅटेगरी ए’: सहा महिन्यांच्या पे-स्लिप, त्याच सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र. पत्रात चार गोष्टी हव्यात: नोकरी आणि वार्षिक ढोबळ (कर कापण्याआधीचा) पगार, किती काळ नोकरीत आहे, या पगारावर किती काळ आहे, आणि नोकरी कायम आहे की कंत्राटी. ‘हे गृहस्थ आमच्याकडे काम करतात’ एवढ्या दोन ओळी चालत नाहीत. पे-स्लिपवरचा निव्वळ आकडा स्टेटमेंटमधल्या जमा रकमेशी पैशापर्यंत जुळला पाहिजे.

आता हमखास सापडणारी अडचण. पगार ३०,००० पौंड, म्हणजे महिन्याला २,५००. अट महिन्याला सुमारे २,४१७ची, म्हणजे वरवर सगळं ठीक. पण लग्नासाठी भारतात आल्यावर स्पॉन्सरने काही दिवस बिनपगारी रजा घेतली आणि त्या महिन्याची स्लिप २,१०० पौंडांची आली. कॅटेगरी ए मध्ये त्या सहा महिन्यांतली पगाराची सगळ्यात खालची पातळी पाहतात. अधिकाऱ्याने २,१०० ला बाराने गुणलं की २५,२०० होतात आणि अर्ज पडतो. उपाय तीन आहेत. एक, मूळ पगार बदललेला नाही, रजेमुळे एका महिन्याची कपात झाली, असं कंपनीकडून स्पष्ट लिहून घेणं. दोन, तो महिना सहा महिन्यांच्या चौकटीबाहेर जाईपर्यंत थांबणं. तीन, तूट बचतीने भरून काढणं. शक्य असेल तर दुसरा उपाय निवडा, त्यात वादच उरत नाही.

नोकरी बदलून सहा महिने झाले नसतील तर ‘कॅटेगरी बी’. इथे दोन परीक्षा असतात: आजचा पगार किमान २९,००० हवा आणि मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष मिळालेला पगारही किमान २९,००० हवा. मध्ये दोन महिने घरी बसला असाल तर दुसरी परीक्षा अवघड जाते.

बचतीचं गणित असं: तुटीची अडीचपट अधिक १६,०००. पगार २६,५०० असेल तर तूट २,५००, तिची अडीचपट ६,२५०, एकूण २२,२५० पौंड. उत्पन्न शून्य असेल तर ८८,५०० पौंड. ही रक्कम सहा महिने खात्यात असावी आणि या सहा महिन्यांत ती एक दिवसही या आकड्याखाली जाऊ नये. खातं स्पॉन्सरचं, अर्जदाराचं किंवा दोघांचं. आईवडिलांच्या खात्यातली रक्कम धरत नाहीत. त्यांनी पैसे तुमच्या खात्यात बक्षीस म्हणून टाकले तर चालतं, पण सहा महिने त्या दिवसापासून मोजायचे. कर्जाऊ रक्कम चालत नाही. एफडी लगेच मोडता येत असेल तर चालते. रुपयांचे पौंड करताना अर्जाच्या दिवशीचा ओॲन्डा या संकेतस्थळावरचा दर धरतात, म्हणून काठावरची रक्कम दाखवू नका. स्वतःच्या धंद्याच्या उत्पन्नाला बचतीची जोड देता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

कागदांची तारीख हीसुद्धा अट आहे. उत्पन्नाच्या कागदांमधला सगळ्यात ताजा कागद अर्जाच्या तारखेआधीच्या २८ दिवसांतला हवा. अर्ज ऑनलाइन भरून पैसे भरले ती अर्जाची तारीख, व्हीएफएस या व्हिसा केंद्रात ठसे दिले तो दिवस नव्हे.

सहा स्टेटमेंटपैकी मधलंच एक राहिलं असेल तर अधिकारी ते मागून घेऊ शकतो. पण मागेलच असं नाही, आणि त्याने मागितलं नाही एवढ्यावर अपील जिंकण्याची आशा धरू नका.

नात्यावर नकार

‘ठरवून केलेलं लग्न म्हणून नाकारलं’ असं लोक म्हणतात. प्रत्यक्षात ठरवून केलेल्या लग्नाला होम ऑफिसची, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याची, हरकत नाही, जबरदस्तीच्या लग्नाला आहे. दोघं प्रत्यक्ष भेटलेले हवेत, दोघं अठरा पूर्ण असावेत, लग्न कायदेशीर हवं, नातं खरं आणि चालू हवं, आणि ब्रिटनमध्ये कायम एकत्र राहण्याचा इरादा हवा. नकार बहुतेक वेळा ‘चालू’ या शब्दावर येतो: लग्नाचे दोनशे फोटो दिले, पण लग्नानंतरच्या आठ महिन्यांचं काहीच नाही.

इथे पुरावा महिन्यांनुसार लावा. प्रत्येक महिन्यासाठी दोन-तीन पानं पुरतात: कॉलची यादी, चॅटमधला एखादा तुकडा, पाठवलेले पैसे, विमानाचं तिकीट आणि पासपोर्टवरचा शिक्का. व्हॉट्सॲपची आठशे पानं छापून देऊ नका, कुणी वाचत नाही. चॅट मराठीत असेल तर निवडलेल्या पानांचं भाषांतर लावा. ‘जेवलीस का?’, ‘पोचलास का?’, ‘आईचा बीपी वाढलाय, फोन कर’ अशी रोजची रटाळ वाक्यं लांबलचक प्रेमपत्रांपेक्षा जास्त पटतात, पण न्यायाधीशाला ती वाचता तर आली पाहिजेत. प्रेमाचा ठराविक नमुन्यातला पुरावा द्यावाच लागतो असं नाही, हे वरिष्ठ ट्रायब्युनलने २०१२ सालच्या गौडी प्रकरणात सांगितलं आहे. त्यात फोन कार्डांचा पुरावाही संपर्काला दुजोरा देऊ शकतो असं मानलं गेलं.

नावाचा घोळ आपल्याकडे खास असतो. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, विवाह प्रमाणपत्रावर नवऱ्याचं, दाखल्यावर आडनाव माहेरचं आणि बँकेत सासरचं. परक्या अधिकाऱ्याला या चार वेगळ्या बाया वाटू शकतात. एक पानाचा खुलासा लिहा: कोणत्या कागदावर कोणतं नाव, कोणत्या तारखेपासून, आणि लग्नानंतर मधलं नाव बदलण्याची आपली पद्धत काय. सोबत प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद असेल तर जोडा.

दोघांपैकी कुणाचा आधी घटस्फोट झाला असेल तर त्याचा न्यायालयीन हुकूमनामा लागतो. स्टॅम्प पेपरवर लिहिलेली फारकत पुढे केली की पहिलं लग्न सुटलंच नाही असा अर्थ काढला जाऊ शकतो, आणि मग दुसरं लग्नच वैध ठरत नाही.

मराठी कागदांचं भाषांतर पूर्ण हवं. त्यावर ते मूळ कागदाशी अचूक जुळतं असं भाषांतरकाराचं विधान, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. नुसत्या नोटरीच्या शिक्क्याने भागत नाही.

इंग्रजी, टीबी, घर

या तिन्हींवरचे नकार बहुधा नव्या अर्जाने सुटतात. इंग्रजीला बोलणं-ऐकणं ए१ पातळी पुरते, पण परीक्षा होम ऑफिसच्या मंजूर यादीतलीच हवी. परदेशी शिक्षणासाठी दिलेली साधी आयएल्ट्स चालत नाही. इंग्रजी माध्यमातली भारतीय पदवी चालते, पण एक्टिस या पदव्या पडताळणाऱ्या ब्रिटिश संस्थेचं पत्र लागतं, नुसती मार्कशीट नव्हे. टीबीचं प्रमाणपत्र मंजूर केंद्राचंच, सहा महिने वैध. घराबाबत खोल्या, राहणारी माणसं आणि मालकाची परवानगी दाखवा. स्पॉन्सर मित्रांसोबत भाड्याने राहत असेल तर तुमच्यासाठी स्वतंत्र खोली आहे हे कागदावर दिसलं पाहिजे.

खोटेपणाचा आरोप

पत्रात ‘डिसेप्शन’ हा शब्द असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. तो शेरा पुढच्या प्रत्येक अर्जाबरोबर चालत येतो. इथे सिद्ध करण्याची जबाबदारी होम ऑफिसवर असते, आणि चुकून चुकीची माहिती देणं व मुद्दाम खोटं बोलणं यात कायदा फरक करतो. नेहमीचं उदाहरण: पाच वर्षांपूर्वी नाकारलेला व्हिजिट व्हिसा फॉर्ममध्ये लिहिला नाही. एजंटाने प्रश्न न विचारताच ‘नाही’वर टिक केली असेल, तर त्याच्याशी झालेले मेसेज हाच तुमचा पुरावा आहे.

मुलाखत झाली असेल किंवा जुन्या अर्जाशी विसंगती काढली असेल, तर होम ऑफिसकडे आपल्या फाइलची प्रत मागा. फी नसते, उत्तराची मुदत साधारण एक महिना असते. पण या उत्तराची वाट पाहत अपिलाची मुदत घालवू नका. आधी अपील दाखल करा.

अपील कसं चालतं

१. दाखल करणं. इमिग्रेशन आणि असायलम प्रकरणांच्या फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे ऑनलाइन. फी कागदांवरच्या निर्णयासाठी ८० पौंड, सुनावणीसाठी १४० पौंड. नात्याच्या खरेपणावर किंवा प्रामाणिकपणावर वाद असेल तर साठ पौंड वाचवू नका, सुनावणीच घ्या. माणूस समोर बसून उत्तरं देतो तेव्हा जे पटतं ते कागदावर पटत नाही.

२. मुद्दा मांडणं. कायद्याने हे अपील मानवी हक्कांवरचं आहे: नकारामुळे कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा, म्हणजे युरोपीय मानवी हक्क कराराच्या आठव्या कलमाचा भंग होतो. म्हणून ‘अधिकाऱ्याने आमचा कागद नीट पाहिला नाही’ एवढंच लिहून भागत नाही. पण २०१८ मध्ये अपील न्यायालयाने टीझेड (पाकिस्तान) प्रकरणात सांगितलं की अर्जदार नियमांच्या अटी पूर्ण करत असेल, तर ती गोष्ट त्याच्या बाजूने निर्णायक ठरते. त्यामुळे आधी अटी पूर्ण होतात हे दाखवा. पूर्ण होत नसतील तर नकाराचे परिणाम कुटुंबावर अवाजवी कठोर कसे होतात ते मांडा. ब्रिटिश मूल असेल तर त्याचं हित, जोडीदाराचं आजारपण, तिकडे सांभाळायला असलेले वृद्ध आईवडील. २०१७ च्या एमएम (लेबनॉन) निकालानंतर अशा परिस्थितीत तिसऱ्या व्यक्तीची खात्रीची मदतही विचारात घेता येते.

३. पुरावा. निर्णयानंतरचा पुरावाही ट्रायब्युनल पाहू शकतं. सुनावणीपर्यंतच्या नव्या पे-स्लिप, नव्या भेटी, सगळं जोडा. मात्र होम ऑफिसने कधी पाहिलाच नाही असा पूर्ण नवा मुद्दा काढायला त्यांची संमती लागते. पानांना क्रमांक, पुढे अनुक्रमणिका. दोघांचं स्वतंत्र निवेदन हवं, आणि निवेदन ज्या भाषेत माणूस विचार करतो त्या भाषेत. मराठीत लिहा आणि भाषांतर लावा. एकाच वकिलाने दोघांना दिलेला एकसारखा मजकूर लगेच ओळखू येतो.

४. होम ऑफिसचा फेरविचार. सुनावणीआधी ते तुमचे कागद पुन्हा पाहतात. निर्णय मागे घेतला तर साधारण अपील तिथेच संपतं आणि ते नव्याने ठरवतात. यात पुन्हा नकारही येऊ शकतो, तेव्हा लगेच पेढे वाटू नका.

५. सुनावणी. अर्जदाराला त्यासाठी ब्रिटनला जाता येत नाही. स्पॉन्सर साक्ष देतो. भारतातून व्हिडिओवर तोंडी साक्ष द्यायची तर त्या देशाची हरकत नसल्याचं आधी पाहावं लागतं, म्हणून बहुतेक जण लेखी निवेदनावर भागवतात. स्पॉन्सरला इंग्रजीत अडचण असेल तर मराठी दुभाषा आधीच मागून ठेवा. प्रश्न साधे असतात: शेवटची भेट कधी, किती दिवस, जोडीदार काय करते, घरात कोण कोण. उत्तर आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. अंदाजाने सांगितलेली तारीख कागदाशी जुळली नाही की तीच धरली जाते.

६. निकाल लेखी येतो. जिंकलात तरी होम ऑफिसला पुढे परवानगी मागायला १४ दिवस असतात. त्यानंतर पासपोर्ट मागवतात. तोवर टीबीचं प्रमाणपत्र संपलेलं असेल तर नवं करायची तयारी ठेवा. हरलात आणि अर्जदार ब्रिटनबाहेर असेल, तर वरिष्ठ ट्रायब्युनलकडे जाण्यासाठी परवानगी मागायला २८ दिवस मिळतात. तिथे कायद्यातली चूक दाखवावी लागते, ‘निकाल पटला नाही’ एवढं चालत नाही.

नवा अर्ज करताना

किती दिवस थांबायचं असा नियम नाही, उद्याही करता येतो. अपील चालू असतानाही करता येतो. पण फी पुन्हा पूर्ण लागते: ९ एप्रिल २०२५ च्या दरपत्रकाप्रमाणे १,९३८ पौंड आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ च्या हिशेबाने ३,१०५. व्हिसा फी नकारानंतर परत मिळत नाही, आरोग्य अधिभार मिळतो. अपील केलं असेल तर तो परत यायला जास्त वेळ लागू शकतो. फी बहुधा एप्रिलमध्ये बदलते, तेव्हा फॉर्म भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ पाहा.

आधीचा नकार फॉर्ममध्ये न चुकता लिहा आणि सोबत एक पत्र जोडा. डाव्या बाजूला जुन्या पत्रातलं प्रत्येक कारण, उजव्या बाजूला आता काय बदललं आणि ते कोणत्या पानावर आहे. ‘आम्ही सर्व अटी पूर्ण करतो’ अशा वाक्यांना तिथे जागा नाही.

सल्ला कुणाचा घ्यावा

ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला फक्त सॉलिसिटर, बॅरिस्टर असा अधिकृत वकील किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेला सल्लागार देऊ शकतो. ही संस्था जानेवारी २०२५ पर्यंत ओआयएससी नावाने ओळखली जायची. सुनावणीत बाजू मांडायला त्यांची तिसऱ्या पातळीची नोंदणी लागते. नोंदणी ऑनलाइन तपासता येते. भारतातल्या एजंटांना हा नियम लागू नाही, म्हणजे त्याने चूक केली तर त्या संस्थेकडे दाद मागता येत नाही. एजंटाकडून कागद गोळा करून घ्या, पण फॉर्मवरची प्रत्येक ओळ सही करण्याआधी स्वतः वाचा.

दरम्यान ‘तोवर व्हिजिट व्हिसावर ये’ असं घरातलं कुणीतरी सुचवतंच. नुकताच कायम राहण्याचा अर्ज केलेला माणूस परत जाईल यावर अधिकाऱ्याचा विश्वास बसणं कठीण असतं, त्यामुळे तिथेही नकार येण्याची शक्यता मोठी असते आणि तुमच्या नावावर दोन नकार होतात. शिवाय व्हिजिटवर गेलेल्याला तिथे राहून स्पाउस व्हिसावर बदलून घेता येत नाही. भेटायचंच असेल तर स्पॉन्सरने भारतात यावं. बोर्डिंग पास, शिक्के आणि एकत्र राहिल्याचे कागद तारखेनुसार लगेच फाइलला लावून ठेवावेत, आणि रजा पगारी घ्यावी.